उचल, कोयता आणि बाकी : शिरूर कासारच्या ऊसतोड मजुरांचा हिशेब

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यातल्या गावांच्या वेशीवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहू लागतात. ट्रॉलीत बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, पाण्याचे ड्रम, एखादी शेळी, कोपी उभी करण्यासाठी बांबू आणि ताडपत्री, आणि या सगळ्यांवर बसलेली मुले. दिवाळीच्या आगेमागे घरांना कुलपे लागतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे, वसतिगृहात किंवा आजीजवळ ठेवलेली काही मुले आणि गुरे राखणारे कुणी. गाव पुन्हा भरते ते गुढीपाडव्याच्या सुमारास, कारखान्यांची धुराडी थंडावल्यावर.

पुणे जिल्ह्यातले घोडनदीकाठचे शिरूर किंवा लातूर जिल्ह्यातले शिरूर अनंतपाळ यांच्यापासून हे सिंदफणेकाठचे शिरूर ‘कासार’ या जोडनावाने वेगळे ओळखले जाते. बाहेरच्या जगाला मात्र त्याची ओळख आहे ती ऊसतोड मजुरांचा तालुका म्हणून. पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज हे बीडचे तालुके आणि शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी यांच्याबरोबर शिरूर कासार हा राज्याच्या साखर उद्योगाला मजूर पुरविणारा मुख्य पट्टा आहे. हे मजूर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोटपर्यंत जातात. राज्यातील ऊसतोड मजुरांची सर्वमान्य गणना झालेली नाही. निरनिराळे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात, आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा बीडचा, याबाबत मात्र दुमत नाही. ज्या राज्यात उसाच्या प्रत्येक टनाची नोंद वजनकाट्यावर होते, त्याच राज्यात तो ऊस तोडणाऱ्यांच्या संख्येचा अंदाज सात लाखांच्या फरकाने बांधला जावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

हा तालुका मजूर का पुरवितो, याचे पहिले कारण जमिनीत आहे. बालाघाटच्या डोंगररांगांनी वेढलेला हा भाग पर्जन्यछायेत मोडतो. माती हलकी, मुरमाड आणि उताराची. खरिपात बाजरी, तूर, कापूस ही पिके पावसाच्या भरवशावर येतात. पाऊस हुकला तर तेवढीही येत नाहीत. सिंदफणा नदी शेजारच्या पाटोदा तालुक्यातील डोंगरात उगम पावून शिरूरवरून पुढे जाते. तिच्यावरचे मोठे धरण मात्र खाली माजलगावला आहे. जायकवाडीच्या कालव्याचे आणि माजलगाव धरणाचे पाणी गेवराई-माजलगावच्या काळ्या रानांना मिळाले, तिथे ऊस उभा राहिला, कारखाने निघाले. नदीच्या वरच्या अंगाचे डोंगरपट्टे कोरडेच राहिले. राज्यातील लागवडीच्या जमिनीपैकी सुमारे चार टक्के जमिनीवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा घेतो, हे कृषिमूल्य आयोगापासून अनेकांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. म्हणजे ऊस पाण्याकडे जातो आणि मजूर उसाकडे.

दुसरे कारण इतिहासात आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने प्रवरानगरला उभारलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला आणि त्यानंतरच्या तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची मालिका उभी राहिली. या कारखान्यांना हंगामात शेकडो टोळ्या लागू लागल्या. कारखान्याच्या परिसरातील मजूर हे काम करीत, पण बागायतीमुळे त्यांना वर्षभर गावातच दुसरे काम मिळू लागले. तेव्हा ज्यांना गावात काम नव्हते अशांना लांबून आणणे कारखान्यांना सोयीचे झाले. निजामाच्या राज्यातून १९४८ मध्ये मुक्त झालेला आणि १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आलेला मराठवाडा तेव्हा सिंचनात आणि उद्योगात मागे होता. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट पक्की केली. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले हात पुढच्या वर्षी उसाच्या फडात गेले, आणि मग मुलगा बापाच्या कोयत्याला लागला. या मजुरांत वंजारी समाज बहुसंख्य असला तरी बंजारा, मराठा, धनगर, मुस्लिम आणि दलित कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत.

या व्यवसायाची भाषाच त्याची व्यवस्था सांगते. ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. दहा-पंधरा कोयत्यांची मिळून एक टोळी, आणि टोळीचा प्रमुख मुकादम. स्वतःची बैलजोडी आणि टायरची गाडी चालविणारे ते गाडीवान. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीत ऊस तोडून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणारे ते ‘डोकी’वाले. पावसाळा संपण्याआधीच, अनेकदा आषाढ-श्रावणातच, मुकादम गावात येतो आणि प्रत्येक कोयत्याला एकरकमी पैसे देतो. ही ‘उचल’. कोऱ्या किंवा भरलेल्या स्टॅम्प पेपरवर सही-अंगठा होतो आणि मजूर त्या हंगामापुरता बांधला जातो. फडावर गेल्यानंतर किराण्यासाठी आठवड्याला मिळणारे थोडे पैसे म्हणजे ‘खर्ची’. तीही हिशेबात उचलीलाच मिळविली जाते. आजारपणाने किंवा अन्य कारणाने काम चुकले तर ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो. कारखान्याचा हंगाम संपला की ‘पट्टा पडला’ म्हणतात. त्या दिवशी हिशेब होतो. तोडलेल्या उसाची मजुरी उचलीपेक्षा अधिक भरली तर मजुराला ‘फिरती’ मिळते, कमी भरली तर ‘बाकी’ निघते. बाकी राहिलेल्या मजुराने पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे यायचे, हा अलिखित करार.

सर्वसामान्य मजुराला काम झाल्यावर पैसे मिळतात. इथे पैसे आधी मिळतात आणि काम मागाहून होते. वरकरणी ही मजुराची सोय दिसते. प्रत्यक्षात याच एका उलटापालटीने मजुरी हे कर्ज होते, मुकादम सावकार होतो आणि कामाचा दर, कामाचे तास, कामाची जागा यांपैकी कशावरही घासाघीस करण्याची मजुराची ताकद काम सुरू होण्याआधीच संपलेली असते. बीडच्या ऊसतोड मजुरांविषयी दर निवडणुकीत, दर अधिवेशनात आणि दर दसऱ्याला बोलले जाते ते दरवाढीबद्दल. दरवाढ आवश्यकच आहे. परंतु उचलीच्या गणितात दर हा निम्माच भाग आहे.

हे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखाने आणि मजूर संघटना यांच्यात झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत झालेल्या या तडजोडीने डोकीवाल्यांचा दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. मुकादमांच्या कमिशनमध्येही एक टक्का वाढ झाली. एक जोडी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबून दीड ते दोन टन ऊस तोडते आणि भरते. दोन टन धरले तर दिवसाला ७३२ रुपये, तेही दोघांचे मिळून. म्हणजे माणशी ३६६. आता एखाद्या जोडीने एक लाख रुपये उचल घेतली आहे असे समजू. अलीकडे हा आकडा मुळीच असाधारण राहिलेला नाही. एक लाख फिटण्यासाठी ३६६ च्या दराने २७३ टन ऊस तोडावा लागेल. योगायोग असा की जुन्या २७३ च्या दराने तो ३६६ टन तोडावा लागला असता. दररोज दोन टन या वेगाने २७३ टनांना १३७ दिवस लागतात. त्यात सुट्टी नाही, आजारपण नाही, गाडी वेळेवर न आल्याने बसून काढलेला दिवस नाही, आणि आठवड्याची खर्चीही धरलेली नाही.

आणि हंगाम १३७ दिवस चालेलच याची हमी कोणी दिलेली नाही. २०२१-२२ मध्ये राज्यात विक्रमी, सुमारे १,३२० लाख टन उसाचे गाळप झाले. मराठवाड्यातील काही कारखाने जूनपर्यंत चालू होते आणि मजूर उन्हाच्या तडाख्यात फडातच होते. याउलट २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, गाळप साडेआठशे लाख टनांच्या आसपासच थांबले आणि मार्चअखेर बहुतेक कारखाने बंद झाले. जुन्या दराने दीडशे दिवस काम करणाऱ्या जोडीची मजुरी ८१,९०० रुपये होते. नव्या, ३४ टक्के वाढलेल्या दराने शंभर दिवस काम करणाऱ्या जोडीची ७३,२०० रुपये. म्हणजे दर वाढूनही हातात कमीच. एक लाखाची उचल असेल तर बाकी २६,८०० रुपये, आणि शंभर दिवसांची खर्ची आठवड्याला हजार रुपये धरली तर त्यात आणखी चौदा हजारांची भर. साडेतीन महिने राबून कुटुंब गावी परतते ते चाळीस हजारांचे नवे कर्ज घेऊन. ऊस कमी का लागला, पाऊस का पडला नाही, कारखान्यांची गाळपक्षमता गरजेपेक्षा अधिक का वाढली, या प्रश्नांशी त्या जोडीचा काडीचा संबंध नसतो. साखरधंद्यातली जोखीम मात्र अशी घरंगळत त्यांच्या अंगावर येते. करार टनाचा असतो, दिवसांचा नसतो.

मग माणसे जातात कशासाठी? २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. ऊसतोडीच्या माणशी ३६६ रुपयांशी ताडून पाहिले, आणि फडातील तास किती व हमीच्या कामावरचे किती हे ध्यानात घेतले, तर गाव सोडण्यासारखा फरक त्यात नाही. देशाला रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानेच दिली, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने. तिचा राज्याचा कायदा १९७७ चा. तरीही दरवर्षी ट्रॅक्टर भरतात, कारण हमीचे काम मजुरी देते, उचल देत नाही. मुलीचे लग्न, दवाखान्याचे बिल, कोरडी गेलेली बोअर, घरावरचे पत्रे, सावकाराचे देणे; या गोष्टींना दिवसाचे तीनशे रुपये लागत नाहीत, एकदम पन्नास हजार किंवा लाख लागतात. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर बँक पीककर्ज देईल तेही मोजकेच, आणि जुने थकले असेल तर तेवढेही नाही. तारण न मागता, कागदपत्रांच्या चकरा न मारायला लावता, दारात येऊन रोख पैसे देणारा या भागात एकच आहे, आणि तो मुकादम. तारण काय, तर दोन माणसांची सहा महिन्यांची मेहनत.

कामावर असूनही गरीब असणे हे काही एकट्या शिरूरचे दुःख नाही. अमेरिकेत संघराज्याचे किमान वेतन जुलै २००९ मध्ये ताशी सव्वासात डॉलर ठरले. त्यानंतरची दीड दशके ते तिथेच थांबले; अनेक राज्यांनी स्वतःचे दर वाढविले, काहींनी नाही. तिथला कमी पगाराचा कामगार महिनाअखेरीची तोंडमिळवणी करण्यासाठी पुढच्या पगारावर उसने घेतो. या धंद्याची दुकाने ‘पेडे लोन’ या नावाने रस्त्यारस्त्यांवर आहेत, आणि शंभर डॉलरला दोन आठवड्यांसाठी पंधरा डॉलर हा तिथला सर्रास आकार वार्षिक व्याजात मांडला तर चारशे टक्क्यांच्या जवळ जातो. उद्याचा पगार आजच विकणे हे दोन्हीकडे सारखे. फरक असा की अमेरिकेतील सावकाराला पैसे परत हवे असतात. ते कुठल्या मालकाकडे काम करून आणले, हे तो विचारत नाही. मुकादमाला पैसे परत नको असतात, त्याला माणूस हवा असतो. बाकी रोखीने चुकती करून दुसऱ्या टोळीत जायचे म्हटले तर तेवढी रोकड आणायची कुठून, हा प्रश्न असतो आणि ती बहुधा दुसऱ्या मुकादमाच्या उचलीतूनच येते.

मुकादमाला खलनायक ठरवून मोकळे होणेही योग्य नाही. तो बहुधा याच गावांतला, पूर्वी स्वतः कोयता चालविलेला असतो. त्याला पैसे देतो वाहतूक ठेकेदार, ठेकेदाराला देतो कारखाना, आणि कारखाना ते उभे करतो बँकेच्या कर्जातून. ठेकेदार म्हणजे अनेकदा कोल्हापूर-सांगलीकडचा, ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला शेतकरी. मुकादमाने लाखो रुपये उचलले आणि टोळीच आली नाही, अशा फसवणुकीच्या तक्रारी त्या जिल्ह्यांतील पोलीस ठाण्यांत दर हंगामात दाखल होतात. फसवले गेलेले ठेकेदारही देशोधडीला लागतात. एकाच जोडीने दोन मुकादमांची उचल घेतल्याचीही उदाहरणे आहेत. साखळीतला प्रत्येक जण खालच्याला आगाऊ पैसे देऊन बांधतो आणि वरच्याला बांधलेला असतो. साखळीच्या शेवटच्या कडीला मात्र बांधून ठेवायला खाली कोणी नसते.

या साखळीचा सर्वांत मोठा परिणाम असा की ऊसतोड मजुराला मालकच उरत नाही. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवते. २०२४-२५ साठी तो सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता. महाराष्ट्रात या रकमेतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करून उरलेले शेतकऱ्याला मिळते. म्हणजे तोडणीची मजुरी अखेर देतो शेतकरी. ती ठरविते कारखान्यांचा संघ आणि संघटना यांची बैठक, वाटप करतो ठेकेदार आणि हिशेब ठेवतो मुकादम. कारखान्याच्या पटावर मजुराचे नाव नसते. असते ते मुकादमाचे. त्यामुळे हजेरीपुस्तक नाही, वेतनचिठ्ठी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, अपघात झाला तर दावा नेमका कोणावर करायचा याचा पत्ता नाही. शेतकरी म्हणतो मजूर कारखान्याचे, कारखाना म्हणतो ठेकेदाराचे, ठेकेदार म्हणतो मुकादमाचे.

ही निर्नायकी सर्वांत लख्ख दिसली ती २०२० च्या टाळेबंदीत. मार्चच्या अखेरीस देश थांबला तेव्हा ऊस अजून रानात होता आणि मजूर फडांवर. गावी जायला वाहन नाही, जिल्ह्याच्या सीमा बंद, खर्ची संपलेली, कोप्यांभोवती स्थानिकांचा संशय. अखेर १७ एप्रिलला राज्य सरकारने आदेश काढून ३८ कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांना आरोग्य तपासणी करून घरी पोहोचविण्यास परवानगी दिली आणि त्यांच्या प्रवासाची जबाबदारी कारखान्यांवर टाकली. एरवी कुणाचेच नसलेले हे मजूर त्या आदेशापुरते कारखान्यांचे झाले.

मजुरांच्या बाजूने लढे झाले नाहीत असे नाही. पाथर्डीचे बबनराव ढाकणे यांनी आणि पुढे गोपीनाथ मुंडे यांनी या मजुरांना संघटित केले. डाव्या कामगार संघटनाही या क्षेत्रात दीर्घकाळ आहेत. कोयता बंद ठेवून कारखान्यांची धुराडी अडविण्याचे हत्यार अनेकदा उपसले गेले. त्यातून दर काही वर्षांनी करार आणि त्यावर लवाद, ही पद्धत रूढ झाली. शिरूर कासार आणि पाथर्डी यांच्या सीमेवरील भगवानगडावर मुंडे यांच्या हयातीत होणारा दसरा मेळावा हा त्या लवादाचा जणू जाहीर प्रारंभ असे, कारण दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या. लवादाने दर वाढविले हे नाकारता येणार नाही. मात्र मुकादम आणि मजूर एकाच संघटनेच्या झेंड्याखाली, एकाच करारात आल्याने उचलीची पद्धत हा वाटाघाटीचा विषय कधी झालाच नाही. दरवाढीबरोबर कमिशनही वाढले की दोघांचे हित एक असल्याचा आभास टिकून राहतो. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून देशात आहे, आणि आगाऊ रकमेच्या बदल्यात मजुराचे काम सोडण्याचे किंवा दुसरीकडे काम धरण्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणे ही त्याची व्याख्याच आहे. बाकीच्या नावाखाली दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टरमध्ये बसविल्या गेलेल्या जोडीला ती तंतोतंत लागू पडते. एवढे असूनही गावात याला कोणी वेठबिगारी म्हणत नाही. व्यवहार म्हणतात.

या व्यवहारात बाईचा हिशेब आणखी वेगळा. कोयता जोडीचा, पण उचल घेतो नवरा, सही त्याची, मजुरी त्याच्या नावावर. एकट्या बाईला, विधवा असो की टाकलेली, मुकादम सहसा उचल देत नाही. दीर, भाऊ किंवा मोठा मुलगा जोडीला घेऊनच तिला फडात जावे लागते. ती पहाटे तीनला उठून भाकरी थापते, मग दिवसभर ऊस साळते, मोळ्या बांधते, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. गाडी रात्री आली तर रात्री. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, जनावरांच्या चाऱ्यासाठी विकून येणारे सुटे पैसे एवढीच काय ती हंगामातली तिच्या हाताला लागणारी रोख रक्कम. फडावर संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही.

याचे टोक एप्रिल २०१९ मध्ये देशासमोर आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या आणि विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाल्यावर राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. म्हणजे दर सहा बायकांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. या बायकांपैकी अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. अंगावरून जाते, पोट दुखते, एवढ्या तक्रारीवर कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला सांगणारे खासगी डॉक्टर या प्रकाराला जबाबदार होतेच. पण खाडा परवडत नाही, हंगामात दवाखाना गाठता येत नाही, लहान वयात लग्न आणि बाळंतपणे उरकलेली, तेव्हा हे दुखणे एकदाचे मुळातून संपवून टाकावे, हा विचारही त्यामागे होता. शस्त्रक्रियेचे पैसे कुठून आले असे विचारले तर उत्तर पुन्हा तेच, उचल घेतली. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हा विषय जागतिक शीतपेय कंपन्यांच्या साखर खरेदीशी जोडून मांडला आणि बीडच्या फडातली बाई काही दिवस परदेशी वाचकांच्या चर्चेत आली.

मुलींच्या लवकर लग्नाचा धागाही इथेच येऊन मिळतो. २०१९-२१ च्या आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या तरुणींपैकी ४३.७ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. राज्याची सरासरी सुमारे बावीस टक्के. वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवता येत नाही, फडावर नेणे सुरक्षित वाटत नाही, हे आईबाप उघडपणे सांगतात. ते बोलून दाखवत नाहीत ते एवढेच की लग्न झाले म्हणजे एक नवा कोयता तयार होतो आणि नव्या जोडीला स्वतंत्र उचल मिळते.

सरकारी उपाययोजनांची यादी लहान नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले, त्यासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घ्यावेत आणि तेवढीच भर सरकारने घालावी असे ठरले, ग्रामसेवकांमार्फत मजुरांना ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहे मंजूर झाली. पूर्वीच्या साखरशाळांनी मुलांना फडाजवळ शिकविण्याचा प्रयत्न केला. हंगामी वसतिगृहांनी त्यांना गावातच थांबविण्याचा. दुसरा मार्ग अधिक बरा, यात शंका नाही. मात्र मूल वसतिगृहात राहिले तरी आईबापांच्या डोक्यावरची बाकी तशीच राहते, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी तेच मूल ती फेडायला उतरते.

दरम्यान फडात यंत्र आले आहे. ऊसतोडणी यंत्रांसाठी केंद्राच्या साहाय्याने राज्यात ९०० यंत्रांना ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान देण्याची योजना राबविली गेली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या ऊसमळ्यांवर अनेक दशके जमैकासारख्या कॅरिबियन बेटांवरून हंगामी मजूर आणले जात. मजुरीच्या मापावरून न्यायालयात दावे उभे राहिले आणि १९९० च्या दशकात तिथल्या कंपन्यांनी दावे निकाली निघण्याची वाट न पाहता यंत्रे आणली. मजूर परत बोलावलेच गेले नाहीत. महाराष्ट्रातील लहान तुकड्यांची शेते, अरुंद सऱ्या आणि यंत्राची किंमत यांमुळे हा बदल इथे सावकाश होईल. पण ज्या फडात मोठे, सपाट क्षेत्र आणि भरघोस उतारा आहे तिथे यंत्र आधी जाते, आणि कोयत्याच्या वाट्याला येतो तो पडलेला, विरळ, चिखलातला ऊस. टनाचा दर दोन्हीकडे एकच. पडलेल्या उसात दिवसाचे दोन टन भरत नाहीत.

पट्टा पडला की शिरूर कासारच्या गावांत हिशेबाच्या वह्या निघतात. फिरती मिळालेल्या घरी पाडव्याला गोडधोड होते, बाकी निघालेल्या घरी चर्चा होते ती पुढच्या उचलीची. पावसाळ्यात बाजरी पेरायची असते, बियाण्याला पैसे लागतात, आणि आषाढ लागला की मुकादम यंदा कुणाला किती देणार याची बोलणी पुन्हा सुरू होतात.